पुरसीस

गेटाबाहेरचा टायपिंगवाला म्हणाला,
"मावशी, दावा काढून घ्यायचा म्हणजे दोन ओळींचं काम.
पन्नास द्या, टायपून देतो."
तीन वर्षं सगळं हातानं लिहिलं,
आता शेवटाला कशाला पन्नास?
मांडीवर पर्स, पर्सवर फुलस्केप,
आणि लिहिलं : वादी, विजयमाला आप्पासो चौगुले, जातीने.

पहिल्या दिवशी कारकुनानं विचारलं होतं, वकील कोण?
मीच, म्हटलं.
"मग जातीने म्हणा."
मी जात सांगितली.
टेबलाभोवतीचे सगळे हसले,
एक वकीलसाहेब तर खुर्ची धरून.

दावा तीस हजारांचा. भिशी होती,
बारा बायका, महिना तीन हजार.
जुलैत नंबर लागला शालन परीटला.
ऑगस्टात पंचगंगा सुतारवाड्यात शिरली ती थेट तिच्या टेबलावर.
इस्त्रीला आलेल्या सत्तावीस साड्या, एक शेरवानी,
कुणाच्या तरी साखरपुड्याचा शालू,
सगळं गाळात.
भिशी उचलून तिनं लोकांचे कपडे भरून दिले.
माझे हप्ते राहिले दहा.
वहीवर नाव माझं, म्हणून बाकीच्यांना मी दिले.
मग ती फोन उचलेना.
मला बघितलं की गल्ली बदलायची.

समन्स दोनदा परत आलं. घर बंद. घर बंद.
तिसऱ्यांदा आली ती स्वतःच,
तीही जातीने.
वकील नसलेल्यांना बाहेर एकच बाक,
कुणी कुणाकडं न बघता बसलो.

"म्हणणं दाखल करा," साहेब तिला म्हणाले.
बाकावर येऊन ती मला विचारते,
"विजू, म्हणणं म्हंजे काय लिवायचं गं?"
"तुझं जे म्हणणं असेल ते."
"माझं कुठं काय म्हणणं हाय?"
चष्मा घरी राहिलेला, मुदत आजचीच.
आण इकडं, म्हटलं.
शेजारच्या फायलीत वाचलेलं वाक्य पाठ होतं :
दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा व लबाडीचा असून
प्रतिवादीस तो मान्य व कबूल नाही.
लबाडीचा लिहिताना पेन अडलं.
"ते नको घालू," शालन म्हणाली.
"तसंच घालायचं असतं."
शिरस्तेदारानं दोन्ही कागद शेजारी धरले.
"अक्षर एकच कसं ओ?"
आम्ही दोघी पंख्याकडं बघत राहिलो.
त्यानं शिक्का मारला.

त्यानंतर पाच तारखा.
एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलांचं कामबंद.
एकदा ती म्हणाली, "निऱ्या बघ जरा तुझ्या.
कोर्टात असं येत्यात व्हय?"
आणि बाकावरच वाकून सारख्या केल्या.

म्हणून माफ केलं, असं कुणी समजू नये.
वहीत तीस हजार आहेत. तांबड्या पेनानं आहेत.

आज पुकारा झाला.
साहेबांनी पुरसीस वाचली, मान वर केली.
"स्वखुशीनं काढताय? कुणाचा दबाव?"
दबाव.
बावड्याची बस चुकली की पुढची पाऊण तासानं,
दोन जिने, एक गुडघा,
बुडालेला स्टॅम्प,
गल्लीतल्या बायकांचं, काय झालं गं तुझ्या केसचं?
यातला कोणता सांगू?
आणि खुशी तर
सगळे लिहितात म्हणून लिहिलेली.
"नाही साहेब," म्हटलं. "स्वखुशीनं."

"पुन्हा दावा आणायची मुभा पाहिजे?"
मी मागं बघितलं.
शालन दाराला टेकून उभी.
"ठेव की," तीच म्हणाली.
साहेब म्हणाले, "तशी मिळत नसते, कारण लागतं."
कारण मी लिहिलं नव्हतं.

दावा काढून घेतला. खर्चाबाबत हुकूम नाही.
वाटलं होतं जास्त वेळ लागेल.

केएमटीत तिकीट तिनं काढलं, दोन सीबीएस.
कंडक्टरकडं सुटे नव्हते,
तिकिटामागं आकडा लिहून दिला,
"उतरताना मागून घ्या."
स्टँडवर उतरलो, चार पावलं गेलो,
आणि शालन कपाळाला हात लावून उभी.
"माझे सुटे राहिले की गं."
बस वळली होती.